घट फक्त चोरीचीच का मोजायची?

माझी सारी नोकरी पेट्रोल पंपावर झाली. सकाळी टाकीचं झाकण उघडायचं, डिप रॉडला पेस्ट लावायची, रॉड तळापर्यंत सोडायचा आणि ओली खूण कुठवर आली ते वहीत मांडायचं. पेस्टचा रंग बदलला तर टाकीत पाणी शिरलं समजायचं. साठा विक्रीशी जुळला नाही की घट. घट दिसली की मालक आधी आमच्या तोंडाकडे बघत, मग टँकरवाल्याच्या. जमिनीकडे कुणी बघत नसे.

माझं म्हणणं एवढंच की ही डिपची वही पाण्याचाही कागद आहे आणि ती तशी वाचली पाहिजे.

हिशेब साधा आहे. दोन मीटर व्यासाची, वीस हजार लिटरची आडवी टाकी धरा. ती निम्मी भरलेली असताना रॉडवरचा एक मिलिमीटर म्हणजे बारा-तेरा लिटर माल. आता पाइपच्या सांध्यातून सेकंदाला एक थेंब गळतोय असं समजा. दिवसाला चारेक लिटर, म्हणजे रॉडवर मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. तो कोणत्या डोळ्याला दिसणार? त्यात पेट्रोल उडतं, उन्हाने फुगतं, थंडीने आकसतं. वर्षाला दीड हजार लिटर जमिनीत जातं आणि वहीत सगळं ठीकठाक.

जातं कुठे? आमच्या नाचणगावात वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाणी त्या पाषाणाच्या भेगांमधून चालतं. पेट्रोल पाण्याहून हलकं, म्हणून भूजलावर तरंगतं, उन्हाळ्यात पाण्याबरोबर खाली उतरतं आणि पावसाळ्यात पुन्हा वर येतं. विहिरीला वास पावसानंतरच का मारतो, त्याचं उत्तर इथे सापडू शकतं. भेग जिकडे नेईल तिकडे ते जाणार. पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि पलीकडच्या आळीतली खराब, असंही होतं. शेजारचं पुलगाव कुठे संपतं आणि नाचणगाव कुठे सुरू होतं, हे आता नगरपालिका आणि ग्रामपंचायत सोडून कुणाला ठाऊक नाही. भूजलाला तर नाहीच नाही.

नाकावर भिस्त ठेवू नका. पेट्रोलमधलं बेंझीन पाण्यात विरघळतं आणि त्याने रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. भारत स्टेज सहाच्या पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझीन चालतं. म्हणजे एक लिटर पेट्रोल आठ-नऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरेसं. गावात जलसुरक्षक टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, क्लोरीन उतरलं का ते बघायला ओटी टेस्ट घेतो. जलजीवनच्या किटवर बाया फ्लोराइड, नायट्रेट, लोह तपासतात. चांगलंच काम आहे ते. पण त्या पेटीत बेंझीनची बाटली नाही.

ही भीती हवेतली नव्हे. चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये 2013 साली घरांच्या बोअरमधून पाण्याबरोबर तेल येऊ लागलं. भारत पेट्रोलियमची जमिनीखालची वाहिनी गळत होती. आपल्याकडे फलटण तालुक्यातल्या सासवडला 2021 मध्ये चोरांनी पेट्रोलची पाइपलाइन फोडली आणि पेट्रोल शेतात, विहिरींत उतरलं. दोन्ही ठिकाणी लोकांना डोळ्यांनी दिसलं, म्हणून बोभाटा झाला. थेंबाथेंबाने गळणाऱ्या टाकीचा बोभाटा होत नाही.

नवीन पंपांवर दुहेरी भिंतीच्या टाक्या येताहेत, साठा मोजायला यंत्रं आहेत, हे मान्य. माझी काळजी जुन्या लोखंडी टाक्यांची आणि त्याहून जास्त बंद पडलेल्या पंपांची आहे. पंप बंद होतो, मशीन उचलून नेतात, जागा विकली जाते, वर दुकानांचे गाळे उभे राहतात. सातबाऱ्यावर विहीर लागते. पुरलेली टाकी लागत नाही. अमेरिकेने 1984 मध्ये अशा टाक्यांसाठी कायदा केला. तिथे आजवर पाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या, आणि टाकी कायमची बंद करताना आजूबाजूची माती तपासावी लागते. शोधलं म्हणून सापडलं.

पंपाला परवाना देणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपुरात, पर्यावरणाचं संशोधन करणारी नीरीही नागपुरातच. आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत. शाळा, दवाखाना, वस्तीपासून नव्या पंपाचं पन्नास मीटरचं अंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये घालून दिलं. पिण्याच्या विहिरीचं अंतरही तेवढ्याच काटेकोरपणे मोजा. जुन्या पंपाच्या आवारात तीन उथळ निरीक्षण बोअर घ्या. तीनच का, तर तीन ठिकाणची पातळी कळल्याशिवाय पाण्याचा उतार कुठे आहे ते समजत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर त्यांचं पाणी बेंझीनसाठी तपासा आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. सलग घट दाखवणाऱ्या टाकीची दाबचाचणी मालकाच्या मर्जीवर सोडू नका.

यावर पंपवाले खर्चाचं रडगाणं गातील. त्यांची बाजू मी आयुष्यभर ऐकली आहे, आणि कमिशनचं त्यांचं दुखणं खोटं नाही. म्हणून हा खर्च डीलरच्या नव्हे, तेल कंपनीच्या खात्यावर टाका. वीस हजार लिटर पेट्रोलच्या एका टँकरची किंमत वीस लाखांच्या घरात जाते. तीन उथळ बोअरांना त्यापुढे किती लागतात, ते आमच्याकडचा कोणताही बोअरवाला उभ्या उभ्या सांगेल.