बंद पडलेला खेळ कुणाचा?

मागच्या लेखात आपण फोनमधल्या फोटोंचा बॅकअप कसा घ्यायचा ते पाहिलं. तो वाचून मंडळाच्या कार्यक्रमात एका मावशींनी मला गाठलं. "अरे, आमच्या नातवाने गेममध्ये पैसे भरून कसले कसले योद्धे घेतलेत. आता तो गेमच बंद होणार म्हणे. त्या योद्ध्यांचा बॅकअप घेता येतो का रे?"

नाही घेता येत, मावशी. का, ते एका जपानी खेळाच्या गोष्टीवरून सांगतो.

हिरोहिको अराकी यांची 'जोजोज बिझार ॲडव्हेंचर' ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९८७ साली सुरू झाली. पुढे तिच्यावर ॲनिमे मालिका निघाली. त्यातली पात्रं घेऊन बंदाई नामको कंपनीने २०१७ मध्ये 'डायमंड रेकॉर्ड्स' हा मारामारीचा मोबाईल गेम आणला आणि २०१९ मध्ये बंदही केला.

आता बंद म्हणजे नेमकं काय होतं? ॲप फोनमधून लगेच पुसलं जात नाही. पात्रांचे थ्री-डी मॉडेल, आवाज, हालचाली हे सगळं फोनमध्ये उतरलेलं असतं. पण तुम्ही कोण, तुमच्याकडे कुठली पात्रं आहेत, आज तुमची लढत कुणाशी, ही सगळी खातेवही कंपनीच्या सर्व्हरवर असते. सर्व्हर बंद झाला की ॲप त्याला हाका मारत बसतं आणि पलीकडून उत्तर येत नाही. माळ्यावरचा कॅरम वीस वर्षांनी काढला तरी खेळता येतो. इथे आपण विकत घेतलेलं असतं जत्रेतल्या पाळण्याचं तिकीट. जत्रा उठली की पाळणाही गेला.

'डायमंड रेकॉर्ड्स'च्या चाहत्यांनी मात्र हार मानली नाही. त्यांनी संगणकासाठी 'डायमंड रेकॉर्ड्स रिव्हर्सल' हा फाइटिंग गेम बनवायला घेतला.

अशा कामात जुन्या फाइलींमधून पात्रं बाहेर काढणं हा तुलनेने सोपा भाग. अवघड असतात ते खेळाचे नियम. फाइटिंग गेमचा हिशोब साधारण सेकंदाच्या साठाव्या भागात चालतो. ठोसा कितव्या क्षणी लागणार, समोरचा किती वेळ अडखळणार, अडवला तर काय होणार, हे प्रत्येक पात्राच्या प्रत्येक डावासाठी ठरवावं लागतं. मूळ प्रोग्राम वाचता येईल अशा रूपात हाती नसतो. मग जुने व्हिडिओ थांबवून थांबवून बघायचे, अंदाज बांधायचा, खेळून बघायचं, पुन्हा बदलायचं. मी दिवसभर पगारासाठी जे काम करतो, ते ही मंडळी रात्री जागून हौसेने करतात.

तरीही दोन गोष्टी त्यांच्या हातात नसतात. पहिली म्हणजे जुनं खातं. ज्याने तेव्हा पैसे भरून एखादं पात्र मिळवलं, त्याची ती मालकी परत येत नाही. दुसरी म्हणजे हक्क. पात्रं आणि मूळ गेम दुसऱ्याच्या मालकीचे असतात. चाहत्यांकडे सहसा परवानगी नसते. उद्या कंपनीची नोटीस आली, तर वर्षांची मेहनत एका दिवसात गुंडाळावी लागते.

म्हणून मला वाटतं, ही जबाबदारी चाहत्यांवर टाकू नये. कंपन्यांना हे जमत नाही असंही नाही. 'मेगा मॅन एक्स डाइव्ह' हा ऑनलाइन गेम कॅपकॉमने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला, पण त्याच महिन्यात त्याची ऑफलाइन आवृत्तीही विकायला काढली. एकदाच पैसे भरा आणि सर्व्हरशिवाय खेळा. म्हणजे इच्छा असली तर मार्ग असतो.

तोवर घरच्या घरी एक चाचणी करा. मुलांनी गेमसाठी पैसे मागितले, तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून गेम उघडायला सांगा. उघडलाच नाही, तर ते पैसे पाळण्याच्या तिकिटाचे, हे मुलांना स्पष्ट सांगा. तिकीट काढू नये असं नाही, पण मग खर्चही तिकिटाएवढाच असावा. आणि बंद पडलेल्या गेमच्या नावाने कुणी फाइल पाठवली, तर ती डोळे झाकून फोनमध्ये टाकू नका. नाव ओळखीचं असलं तरी आत भलतंच काही असू शकतं.

आणि मावशी, नातवाला सांगा, गेम बंद व्हायच्या आधी स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करून आवडत्या योद्ध्याची एक शेवटची लढत खेळून घे. त्या व्हिडिओचा बॅकअप मात्र नक्की घेता येतो.