आराखडाकाराची सही आणा

रायगडच्या किनाऱ्यावरून एका वाचकाने पाठवलेल्या कागदांमुळे आधी लिहून ठेवलेले संपादकीय बाजूला ठेवावे लागले. बोट बत्तीस फुटी, विल्यम अ‍ॅट्किनच्या ‘एरिक’ आराखड्यावर बांधलेली. लाकडी पट्ट्या, इपॉक्सी, बाहेरून काचकापड. बांधणारे हात ट्रॉलर बांधणाऱ्या सुतारांचे, जागा त्यांच्याच वाडीतली. नोंदणीच्या अर्जात ‘उत्पादक’ आणि ‘मॉडेल’ असे दोन रकाने होते. पहिल्यात या गृहस्थांनी सरळ ‘स्वतः’ असे लिहिले, दुसऱ्यात ‘एरिक’. इथेच फसले.

महिन्याभराने त्रुटीपत्र आले. उत्पादकाचे प्रमाणपत्र जोडलेले नाही, ही पहिली त्रुटी. आराखड्यावर आराखडाकाराची मूळ सही व चालू दिनांक नाही, ही दुसरी. अ‍ॅट्किन १९६२ मध्ये वारला. त्याची चालू दिनांकाची सही कुठून आणायची, याचे मार्गदर्शन पत्रात नाही. कार्यालयाचे नाव आम्ही छापत नाही. छापले तर त्या वाचकाची फाइल गठ्ठ्यात आणखी खाली जाईल, एवढा अनुभव आपल्या सगळ्यांच्या गाठीशी आहे.

पहिल्या दोन त्रुटी हसण्यावारी नेता येतील. तिसरी नाही. तीत म्हटले आहे की अर्जातले वजन, बॅलास्ट आणि शिडांची मांडणी ‘याच मॉडेलच्या उपलब्ध माहितीपत्रकाशी’ जुळत नाही, खुलासा करावा. हे माहितीपत्रक कोणाचे? कॅलिफोर्नियातल्या, बंद पडून चाळीसहून अधिक वर्षे झालेल्या एका कारखान्याचे. ‘वेस्टसेल ३२’चे. ती एरिकच्या वंशातली, असे सगळीकडे लिहिलेले असते. कोणातरी उत्साही कारकुनाने ते वाचले आणि दोन्ही बोटी एकच ठरवून टाकल्या.

आणि आमच्या वाचकाने काय करावे? त्याने बोट क्रेनवर टांगून वजन घेतले होते. किनाऱ्यावर इतके करणारे किती जण आहेत? पण फाइल हलेना, म्हणून खुलाशात लिहून दिले: ‘अर्जातील वजन नजरचुकीने लिहिले गेले, माहितीपत्रकातील वजन ग्राह्य धरावे.’ आठवड्यात काम झाले. आज सरकारदरबारी त्या बोटीचे जे वजन नोंदले आहे ते दुसऱ्याच बोटीचे, दुसऱ्याच देशातले, छापील आहे. उद्या ही बोट विकली जाईल. घेणारा त्या आकड्यावर विसंबून मूरिंगची साखळी घेईल, ट्रेलर मागवेल, क्रेनवाल्याला सांगेल. त्या क्रेनखाली कोणीतरी उभे असेल.

म्हणून या महिन्यात वंशावळ थोडी उकलून लिहायला हवी. मूलभूत गोष्टी सांगत नाही, त्या आपल्याला येतात. फरक कुठे आहेत तेवढेच पाहू.

अ‍ॅट्किनने एरिक रेखाटली ती १९२४ मध्ये, कॉलिन आर्चरच्या नॉर्वेतल्या बचाव-बोटींच्या रेषा लहान करून. लांबी बत्तीस फूट, पाणरेषेवर साडेसत्तावीस, रुंदी अकरा, खोली पाच. नाळ आणि वरामा दोन्ही निमुळते, सुकाणू बाहेर टांगलेले. आपल्या दृष्टीने या कुळीतली सगळ्यात महत्त्वाची बोट मुंबईची. कुलाब्याच्या यार्डात १९६३ मध्ये काम सुरू होऊन डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरलेली ‘सुहेली’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने मागवले होते दुसरेच आराखडे, हाती पडले एरिकचे. बदलून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून तेच बांधले. सागवानी फळ्या, हाताने तासलेल्या. त्याच बोटीतून त्याने १९६८-६९ मध्ये न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ३१२ दिवसांत. एवढे सगळे जाणतात.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. निघून महिनाही झाला नव्हता तेव्हा सुहेली पाणी घेऊ लागली. फट होती गारबोर्डच्या फळीला, म्हणजे जिथे पहिली फळी कीलला येऊन मिळते तिथे. नॉक्स-जॉन्स्टनने भर समुद्रात पाण्याखाली उतरून फटीत कापूस ठासला, वर कॅनव्हासची पट्टी चुकांनी ठोकली, तिच्यावर तांब्याचा पत्रा. हे दुखणे एरिकच्या रेषांचे नव्हे. फळीबंद बांधणी आणि बाहेरून बोल्टांनी धरलेली लोखंडी कील हे दोन एकत्र आले की तो जोड हलतो आणि फट उघडते. हीच हल पट्टी-इपॉक्सीने बांधली तर कापूस ठासायला तिथे फटच नाही. तिथे पाहायचे ते वेगळे: काचकापडाला पडलेले प्रत्येक भोक, थ्रू-हलच्या भोवती लाकडात शिरलेली ओल, नांगर आपटून उडालेले इपॉक्सी. बत्तीस फुटी एरिक म्हणून दोन्ही बोटींना एकच तपासणी-यादी लावणारा सर्व्हेअर एका बोटीत नसलेले दुखणे शोधतो आणि दुसरीत असलेले सोडून देतो.

आता वेस्टसेल. आधी ‘केंडल ३२’ नावाने फायबरची हल निघाली. विल्यम क्रीलॉकने अ‍ॅट्किनच्या रेषा साच्यासाठी बसवून दिल्या. कंपनी बुडाली, साचे दुसऱ्याने घेतले, आणि १९७१ पासून ‘वेस्टसेल ३२’ सुरू झाली. केंडलचा डेक सपाट, वेस्टसेलला कॅबिनचा उंचवटा. हा फरक लांबूनही दिसतो, तरी विक्रीच्या कागदांवर केंडलला वेस्टसेल लिहिलेले आम्ही पाहिले आहे. एकूण आठशेहून अधिक निघाल्या. छापील विस्थापन सुमारे ८,८५० किलो, बॅलास्ट सुमारे ३,१७५ किलो, आणि तो हलच्या आत, फायबरने बंद केलेला. कील बोल्ट नाहीतच.

इथे अमेरिकेतल्या एका मराठी वाचकाचा सर्व्हे रिपोर्ट आठवतो. वेस्टसेल विकत घेताना त्याने पैसे मोजून करून घेतलेला. त्यात एक ओळ: ‘कील बोल्ट तपासले, स्थिती समाधानकारक.’ नसलेले बोल्ट समाधानकारक! मग त्याने बॅलास्टच्या कप्प्यावर हातोडीने ठोकून पाहिले, एका जागी पोकळ आवाज आला, भोक पाडल्यावर गंजाचे पाणी. आत शिसे होते तसे लोखंडही होते. रिपोर्टातल्या ‘बॅलास्ट’ या रकान्यात फक्त आकडा होता, माहितीपत्रकातला. आपल्याकडचा सर्व्हेअर काय आणि तिकडचा काय, लेखणी एकाच शाईत बुडवतात.

पण वेस्टसेलचा खरा गुंता कारखान्याबाहेरचा आहे. निम्म्याच्या आसपास बोटी संच म्हणून विकल्या गेल्या. कोणी नुसती हल आणि डेक नेला, कोणी बॅलास्ट घालून, आणि उरलेले काम घरामागच्या आवारात. बल्कहेड कोणी बसवले, त्यांना हलशी धरणारी फायबरची पट्टी किती थरांची, टाक्या कुठे, फर्निचर पाइनचे की साग वापरून दुप्पट वजनाचे, हे प्रत्येक बोटीत निराळे. साचा एक, बोटी चारशे प्रकारच्या. घरी पुऱ्या केलेल्या अनेक बोटी इतक्या जड झाल्या की मालकांनी रंगाची पाणरेषाच वर सरकवली. एवढ्या हलला एक इंच बुडवायला ढोबळ हिशेबाने पाचशे किलो लागतात. तीन इंच वर सरकवलेली रेषा म्हणजे दीड टन, जो कोणत्याही कागदावर नाही, पण चेनप्लेटवर, बॉबस्टेवर आणि कॉकपिटच्या निचऱ्याच्या भोकांवर रोज आहे.

जड म्हणजे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. १९९१ च्या हॅलोविनच्या वादळात ‘सटोरी’ नावाच्या वेस्टसेल ३२ वरून माणसे उतरवली गेली, बोट सोडून दिली, आणि ती पुढे मेरीलँडच्या वाळूवर जवळजवळ धड अवस्थेत लागली. हल ती आहे यात वाद नाही. वाद आहे तो एका सटोरीच्या पुण्याईवर बाकीच्या सगळ्या विकण्याचा.

बोटींचे असे वर्गीकरण काटेकोरपणे करता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीच्या नियमांत ते करून दाखवले आहे. १९८८ पूर्वीचा आराखडा, लांबी ३२ ते ३६ फूट, पूर्ण लांबीची कील आणि तिच्या मागच्या कडेला जोडलेले सुकाणू, किमान विस्थापन ६,२०० किलो, आणि एका साच्यातून निदान वीस बोटी निघालेल्या. सुहेलीच्या धर्तीवरच्या एरिक बोटी या वीसच्या नियमात बसेनात, तेव्हा त्यांच्यासाठी निराळा वर्ग केला. अर्जात दोन्हींचा काला केला नाही. गोव्यात अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली ‘तुरीया’ या वर्गातून उतरली आणि कमांडर अभिलाष टॉमी ती घेऊन गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात तिच्या डोलकाठ्या गेल्या, टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली, ते वाचले. त्यानंतर आपल्या बैठकांत महिनोन्‌महिने एकच चर्चा: ‘एरिक आराखडा जुना, म्हणून हे झाले.’ पण त्याच वादळात ग्रेगर मॅकगकिनची बिस्के ३६ ही साच्यातली फायबरची बोटही डोलकाठ्या गमावून बसली होती. आराखड्यावर खापर फोडणाऱ्यांपैकी किती जणांनी दोन्ही बोटींची रिग शेजारी ठेवून पाहिली? आमच्याकडे तसा एकही लेख आला नाही. मते भरपूर आली.

अधिकाऱ्यांवर चिडणे सोपे आहे आणि आम्ही चिडलोच आहोत. पण त्या कारकुनाच्या टेबलावर आपण काय ठेवतो तेही पाहू या. यार्डवाले बांधणीनंतरचा आराखडा देत नाहीत. विचारले तर ‘सगळे डोक्यात आहे’ म्हणतात. मालक इंजिन बदलतो, टाकी हलवतो, बोस्प्रिट दीड फूट लांबवतो आणि कुठेही टिपून ठेवत नाही. विकताना मात्र मूळ माहितीपत्रकाचा रंगीत प्रिंट पुढे करतो. सर्व्हेअर तोच प्रिंट पाहून रकाने भरतो. मग नोंदणीच्या खात्याने तेच प्रमाण मानले तर त्याला एकट्याला दोष कसा द्यायचा? संघटनेच्या सभेत या विषयावर तावातावाने बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या कितींच्या बोटीवर गेल्या वर्षी केलेल्या कामाची तारीखवार नोंद आहे, हे विचारले की सभा चहाला उठते.

तेव्हा आता बोलणे पुरे. संबंधित खात्याला आम्ही या महिन्यात सुधारित अर्जाचा मसुदा पाठवत आहोत. त्यात ‘उत्पादक’ आणि ‘मॉडेल’ यांच्या जागी आराखडा, हल बांधणारा, आतले काम पूर्ण करणारा आणि नंतरचे बदल असे चार रकाने आहेत. वजनापुढे ‘मोजलेले’ की ‘छापील’ यांपैकी एकावर खूण करायची. मयत आराखडाकाराच्या सहीची अट वगळावी, अशी नम्र विनंतीही केली आहे. परंतु नुसत्या मसुद्याला कोणी विचारत नाही. त्याच्या पाठीशी प्रत्यक्ष बोटींचे कागद हवेत, आणि ते तुमच्याकडेच आहेत.

बोटवाल्यांनो, या हंगामात बोट वर काढाल तेव्हा एक वही घ्या. बॅलास्ट कशाचा आहे, आत की बाहेर. बोल्ट असतील तर धातू कोणता, जाडी किती, शेवटचा कोणता कधी ओढून पाहिला. बल्कहेड कोणी बसवले. डोलकाठीची लांबी फीत लावून, ऐकीव नको. नाळेला आणि वराम्याला पाण्यापासून डेकच्या कडेपर्यंत उंची. हलला पाडलेले प्रत्येक भोक आणि ते कधी पाडले. ज्या यार्डांत जुने साचे किंवा फळीवर काढलेल्या पूर्ण मापाच्या रेषा अजून शिल्लक आहेत त्यांनी पावसात कुजण्याआधी त्यांचे फोटो काढावेत. कुलाब्यापासून मालवणपर्यंत ज्या सुतारांनी अशा बोटींना हात लावला त्यांना गाठून, कोणत्या बोटीत काय बदलले ते त्यांच्या तोंडून लिहून घ्या. आमच्याकडे लिहिणारे नाहीत ही सबब चालणार नाही. कार्यालयातून माणूस पाठवू.

कागद दिवाळी अंकाच्या आधी पोचावेत. ज्यांची बोट माहितीपत्रकाप्रमाणे तंतोतंत आहे, असा दावा असेल त्यांनी तर आधी पाठवावेत. तशी बोट आम्हाला पाहायची आहे. आणि पाणरेषेचे माप देताना टाक्या रिकाम्या होत्या की भरलेल्या, हे ज्यांनी लिहिलेले नसेल त्यांचे कागद परत पाठवले जातील.