थेंबभर रक्ताची राखण

शिरूर घोडनदीच्या काठी, दौंड भीमेच्या काठी. दोन्ही तालुक्यांत ऊस आणि दूध यांवर असंख्य घरांचा संसार चालतो. तेथील व्यापारी कुटुंबांचे गोधनाशी नाते पेंडीच्या पोत्याइतकेच पांजरपोळाच्या देणगीतूनही जुळलेले असते. चाऱ्यासाठी हात सढळ असतो; रक्ततपासणीचे नाव निघताच मात्र मन कचरते. मुक्या जिवाला सुई का टोचावी?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ब्रुसेलोसिससारख्या रोगात आहे. १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर या रोगाचा जंतू शोधला. बाधित गाय वरून धडधाकट दिसते आणि गाभणकाळाच्या अखेरच्या महिन्यांत गाभडते. पडलेली वार उघड्या हातांनी उचलणाऱ्यास, तसेच न तापवलेले दूध पिणाऱ्यास हाच रोग जडू शकतो. ताप चढउतार करीत राहतो, सांधे धरतात. म्हणूनच नवी गाय कळपात सोडण्यापूर्वी तिचे थोडेसे रक्त तपासून घेणे, हे साऱ्या कळपाचे रक्षण होय.

पशुवैद्य मानेच्या शिरेतून पाच-दहा मिलिलिटर रक्त घेतात. प्रत्येक जनावरास नवी सुई असावी आणि कानातील बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक नळीवर तत्काळ लिहावा. नावाविना नोंदलेली उधारी जशी वसूल होत नाही, तशी क्रमांकाविना नळी निरुपयोगी ठरते. या तपासणीचे रक्त साध्या नळीत, तिरपे व निश्चल ठेवावे. ते गोठून पिवळसर रक्तजल सुटते. गोचीडतापासाठी मात्र रक्त न गोठू देणारी नळी लागते. ती हलक्या हाताने उलटसुलट करावी.

खरी परीक्षा पुढे असते. पुण्यातील औंधची रोग अन्वेषण प्रयोगशाळा येथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. दुचाकीच्या डिकीत हिंदकळलेल्या, उन्हात तापलेल्या किंवा थेट बर्फाला टेकून थिजलेल्या रक्तातील पेशी फुटतात. नमुना वाया जातो आणि त्याच गाईला पुन्हा सुई सोसावी लागते.

म्हणून देणगीच्या यादीत चाऱ्याशेजारी शीतपेटी, नव्या सुया व नमुने पोहोचविण्याचा खर्चही असावा. दोष आढळलेल्या गाईसाठी वेगळा गोठा असावा. कळप वाचावा आणि तिचाही आसरा सुटू नये. दिलेली वेदना टाळता येत नसेल, तर ती व्यर्थ जाऊ न देणे, ही जीवदयाच आहे.