दातांची साक्ष

आर्वी तालुक्यातील रोहण्यासारख्या गावाच्या शिवारात, एखाद्या पडीक विहिरीत, अनोळखी सांगाडा सापडला तर पंचनाम्यात ‘वय अंदाजे ४०’ एवढे लिहून मोकळे होता येते. परंतु साठीतल्या बेपत्ता बापाला शोधणारा मुलगा तेवढ्या एका आकड्यापायी ठाण्यातून परत फिरेल, त्याचे काय? वय चुकले, की हरवलेला माणूस कायमचा हरवला!

देह कुजतो, चेहरा जळतो. दात बहुधा टिकतात. मुलांचे वय दात येण्याच्या क्रमावरून बरेच नेमके कळते. अक्कलदाढेची वाढ पुरी झाली, की मात्र हा आधार संपतो आणि झिजेवर भिस्त ठेवावी लागते. स्वीडनच्या गुस्टाफसन यांनी १९५० मध्ये सहा खुणा सांगितल्या : दाताची झीज, हिरडीचे मागे हटणे, आतील पोकळी भरत जाणे, मुळावर चढणारा थर, मुळाचा ऱ्हास व मुळाची पारदर्शकता. फ्रान्समधील लामेंदँ व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एकमुळी दातांसाठी हिरडी व पारदर्शकता ही दोनच मापे ठेवली. तरीही सरासरी चूक सुमारे १० वर्षांची राहिलीच. शिवाय तरुणांचे वय वाढवून आणि वृद्धांचे घटवून सांगण्याकडे या रीतीचा कल असतो. त्यात आमच्या विदर्भात खर्रा! तंबाखूने ज्याच्या हिरड्या अकाली खचल्या, त्याला परक्या देशाचे कोष्टक जसेच्या तसे कसे लावावे?

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद केली आहे. ती स्वागतार्ह होय. परंतु जो मृत्यू गुन्हा म्हणून नोंदलाच गेला नाही, त्याच्या जबड्याकडे कोण पाहणार?

आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक अनोळखी प्रौढ मृताचे दात तपासल्याशिवाय व एखाद-दुसरा जपून ठेवल्याशिवाय अंत्यविधी होऊ नये. वय एका आकड्यात न लिहिता ‘३५ ते ५५’ असे मर्यादेसह लिहावे आणि कोणत्या रीतीने काढले तेही नोंदवावे. सेवाग्रामला वैद्यकीय आणि सावंगीला दंत महाविद्यालय असलेल्या वर्धा जिल्ह्याने तरी हे अवघड मानू नये. अनिश्चितता कबूल करण्यात शास्त्राला कमीपणा नाही. खोट्या निश्चितीने मात्र एखाद्या घराची वाट पाहणे कधीच संपत नाही.