नकाशात आपली वस्ती कुठाय?



झोनिंग हा शब्द इंग्रजी, म्हणून नवा वाटतो. चीज जुनीच हाय. पाण्याच्या वरच्या अंगाला गाव, खालच्या अंगाला महारवाडा, मांगवाडा. हेच झोनिंग. मनूनं त्यासाठी हरकती-सूचना मागवल्या नव्हत्या.

सोलापुरात तर हे काम तारेनं झालं. इंग्रजांनी काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, सेटलमेंटात तारेच्या कुंपणाआड कोंडल्या, हजेरी लावून गिरण्यांत राबवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. तार गेली, सेटलमेंट हे नाव राहिलं.

आता तारेऐवजी रंग आलाय. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली शहराचा विकास आराखडा होतो. आपण पत्रे ठोकून तीस वर्षं राहतो त्या जागेवर कुणी साहेब टेबलावर बसून रस्ता आखतो, बाग रंगवतो. माणूस आधी, रंग नंतर. तरी अतिक्रमण माणसाचं!

कायद्यात तोंड दिलंय आपल्याला. कलम २६ : आराखडा जाहीर करा, हरकती घ्या. कलम २८ : त्या ऐका. मी अशा सुनावणीत बसलोय. लेआउटवाले वकील घेऊन येतेत, आर्किटेक्ट घेऊन येतेत. आपला माणूस हजेरी बुडवून येतो, तर त्याला पहिला सवाल : "लेखी आणलंय का?" सभेची वेळ ठरवली की कोण येणार नाही हेही ठरतं.

सभागृहाचंही तेच. आपलं गटार, आपला संडास विषयपत्रिकेत तहकूब होत राहतो. नको तो मात्र 'आयत्या वेळचा विषय' म्हणून येतो. सूचक, अनुमोदक, एकमताने मंजूर. चहा. मार्च २०२२ ला मुदत संपली आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते. महासभा एकटा प्रशासक, स्थायी समितीही तोच. २०१६ साली पहिल्या वीस स्मार्ट शहरांत आलेलं हे गाव. त्यानंतरही वर्षानुवर्षं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड!

आणि आपण? कमानीच्या ठरावाला ट्रक भरून जातो. आराखड्याच्या सुनावणीला दोघं. पुढारी म्हणतो, कमान मिळाली, जय भीम. अरे, कमानीखालून आत जायला वस्ती तर राहू दे!

महाड आठवा. १९२४ साली तिथल्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठरावानं तहान भागली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा तो खरा झाला. ४ ऑगस्टला त्याच नगरपालिकेनं तो रद्द केला. पुढं सवर्णांनी दावा लावला. बाबासाहेब कागदावर कागद लढले आणि १९३७ साली हायकोर्टात जिंकले. ओंजळ आणि कागद, दोन्ही लागतात. नुसती ओंजळ घेऊन नाचणारा अर्धाच भीमसैनिक.

तर कामाला लागा. नगररचना कार्यालयात जाऊन आपल्या वस्तीचा नकाशा काढा. बुद्धविहाराच्या भिंतीवर लावा. म्हातारीला दाखवा, तिचं घर कुठल्या रंगात आलंय ते. घरटी एक हरकत लिहा, दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. सभेचं इतिवृत्त मागा, ठराव क्रमांक पाठ करा. राज्यघटनेनं तीन लाखांवरच्या शहराला प्रभाग समित्या दिल्यात. २०११ च्या गणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं. समितीची बैठक कधी होती, कुणी काय बोललं, जाऊन विचारा.

शिका म्हणजे हेही शिका. नाहीतर उद्या बुलडोझर दारात येईल आणि त्याच्या हातातल्या कागदावर लिहिलेलं असेल : हरकत आली नाही.

जय भीम.