वाघनखांची पूर्ण हकिगत सांगा

दोन अंगठ्या, त्यांना जोडणारी पोलादी पट्टी आणि पट्टीला बसवलेली चार वाकडी नखे. अंगठ्या तर्जनीत आणि करंगळीत घातल्या की नखे तळव्यात दडतात. मूठ मिटली, की समोरच्याला दिसतात त्या फक्त अंगठ्या.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली अशी वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. ती शिवाजी महाराजांचीच का, यावरून वाद पेटला. इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी आक्षेप घेतला. प्रतापगडाच्या भेटीत अफजलखानावर चालली ती हीच, याची खात्री खुद्द लंडनचे संग्रहालयही देत नाही.

शंकेला आधार आहे. या वाघनखांच्या पेटीवरचा मजकूर सांगतो, की साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट असताना ग्रँट डफ याला ती पेशव्यांच्या प्रधानाने दिली. डफ साताऱ्याला नेमला गेला १८१८ मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली आणि पेशवाई संपली. मग हा प्रधान कोण? महाराजांची वस्तू साताऱ्याच्या छत्रपतींकडे नसून त्याच्याकडे कशी? पेटी संग्रहालयाला मिळाली १९७१ मध्ये, डफच्या वंशजाकडून. मधल्या काळाचा पुरावा म्हणजे ती पेटीच.

हे सगळे प्रेक्षकाला सांगायला हवे, आणि तेही संकोच न करता. संशय उघड केल्याने महाराजांचा अवमान होईल ही भीती निराधार आहे. १० नोव्हेंबर १६५९ चा पराक्रम चार नखांपुरता नव्हताच. खानाला वाईच्या मोकळ्या मुलखातून जावळीच्या जंगलात उतरायला लावणे, पंताजी गोपीनाथांची वकिली, झाडीत दबा धरून बसलेल्या मावळ्यांच्या तुकड्या, अंगरख्याखालचे चिलखत, ही सारी आखणी त्या भेटीमागे होती. खान पडल्यावर मराठे थांबले नाहीत. नोव्हेंबर संपण्याआधी पन्हाळा स्वराज्यात आला होता. हा इतिहास कोणत्याही पेटीवरच्या मजकुरावर अवलंबून नाही.

वाघनखे या शस्त्राचा प्रवासही प्रतापगडाशी संपत नाही. एकोणिसाव्या शतकात बडोद्याला, गायकवाडांच्या दरबारात, हातात शिंगाची नखे बांधून पहिलवान झुंजत. फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने ती रक्तबंबाळ कुस्ती पाहून लिहून ठेवली. निहंग शीख आजही इतर शस्त्रांसोबत वाघनखे बाळगतात.

मुदत संपून ही वाघनखे परत जाण्याआधी राज्य सरकारने दोन कामे करावीत. पोलाद आणि घडण यांची शास्त्रीय तपासणी लंडनच्या संमतीने करून घ्यावी. तिने धनी ठरणार नाही, पण काळाचा अंदाज बांधता येईल. आणि जिथे जिथे ती मांडली जातील तिथे पेटीवरचा दावा, त्यावरचे आक्षेप आणि संग्रहालयाची भूमिका मोठ्या अक्षरांत, मराठीत लावावी. शाळेच्या सहलीतून आलेल्या मुलांना हा वाद वाचू द्यावा आणि शिक्षकांनी त्यावर त्यांचे मत विचारावे.