नोकरी सांभाळून घडणाऱ्या ग्रंथपालाचा खर्च कुणी सोसावा?

ग्रंथालयांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा इमारती, ग्रंथखरेदी आणि घटती वाचकसंख्या या तीन विषयांभोवती फिरते. ग्रंथालय चालविणाऱ्या माणसाचा विचार त्यानंतर, आणि त्या माणसाच्या शिक्षणाचा विचार तर जवळजवळ होतच नाही. वस्तुतः महाराष्ट्रातील ग्रंथालयीन शिक्षणाचा मोठा भार आज ज्यांच्यावर आहे, ते पूर्णवेळ विद्यार्थी नव्हेत. दिवसभर एखाद्या महाविद्यालयात परिचर म्हणून, नगर वाचनालयात लेखनिक म्हणून किंवा एखाद्या निराळ्याच कचेरीत काम करून रात्री वर्गीकरणाचे कोष्टक उघडणारे हे लोक आहेत. मुक्त विद्यापीठांनी त्यांच्यासाठी दार उघडले, ही गोष्ट निःसंशय मोलाची आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झाले. दोन्हींकडे ग्रंथालयशास्त्राची पदवी घेता येते. परंतु दार उघडे असणे आणि आत जाण्याची ऐपत असणे या दोन भिन्न गोष्टी होत.

या शिक्षणाचा भारतातील आरंभच मुळी शासनसंस्थेच्या पुढाकाराने झाला, याचे स्मरण येथे उपयुक्त ठरेल. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांना पाचारण केले आणि 1911 साली संस्थानात प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. गावोगावी ग्रंथालये काढावयाची तर ती चालविणारी माणसेही तयार केली पाहिजेत, असा तो सरळ हिशेब होता. डॉ. रंगनाथन यांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. गणिताच्या या अध्यापकाची मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून 1924 साली नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्यापाशी या शास्त्राचे शिक्षण नव्हते. नेमणूक आधी झाली आणि मग विद्यापीठाने त्यांना अभ्यासासाठी इंग्लंडला पाठविले. पुढे 1929 साली मद्रास ग्रंथालय संघाने जो प्रशिक्षणवर्ग काढला, तो उन्हाळी सुटीत भरणारा होता. नोकरदाराच्या सवडीला अभ्यासक्रमाने जुळवून घ्यावे, हा विचार आपल्याकडे शंभर वर्षे जुना आहे.

आजचे चित्र याच्या नेमके उलटे आहे. अभ्यासक्रमाचे शुल्क कर्मचाऱ्याने भरावयाचे, संपर्कवर्गांसाठी आठवड्याची सुटी खर्ची घालावयाची, परीक्षेसाठी हक्काची रजा संपवावयाची आणि प्रात्यक्षिकांसाठी जिल्ह्याच्या गावी स्वखर्चाने जावयाचे. शुल्काची रक्कम फार मोठी नसते हे खरे. परंतु अर्थशास्त्रात खर्च केवळ पावतीवर लिहिलेला नसतो. बुडालेली जादा कामाची मजुरी, प्रवास, घरच्या माणसांवर पडणारा कामाचा बोजा हाही खर्चच असतो. स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हा शेवटचा भाग सर्वांत जड असतो आणि तो कोणत्याही हिशेबात धरला जात नाही.

एवढे सोसून मिळते काय? सार्वजनिक ग्रंथालयांपुरते पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 सालचा. त्यात ग्रंथालय-कराची तरतूद नाही. सारा डोलारा शासनाच्या सहाय्यक अनुदानावर आणि अ, ब, क, ड या वर्गवारीवर उभा आहे. 2022-23 या वर्षात या अनुदानात 60 टक्के वाढ झाली. तीनंतर सर्वांत खालच्या, म्हणजे गावातील ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान 30,000 रुपयांवरून 48,000 रुपयांवर गेले. त्यातील निम्मी रक्कम वेतनाची धरली, तर महिन्याला 2,000 रुपये होतात. यात पुन्हा काही टक्क्यांची भर पडली, तरी गणिताचे स्वरूप बदलत नाही. ज्या जागेचे वेतन पदवी मिळविण्यापूर्वी आणि मिळविल्यानंतर सारखेच राहते, त्या जागेवरील माणसाने पदवी का घ्यावी, याचे उत्तर केवळ आवड आणि निष्ठा एवढेच उरते. शाळांतून तर ‘अर्धवेळ ग्रंथपाल’ नावाचे पदच आहे. पात्रता पुरती, वेतन मात्र अर्धे, असा हा व्यवहार आहे.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 साली मानवी भांडवलावरील आपल्या ग्रंथात एक साधा मुद्दा मांडला होता. जे कौशल्य कर्मचारी कोठेही घेऊन जाऊ शकतो, त्याच्या शिक्षणाचा खर्च मालक सहसा करीत नाही. तो कर्मचाऱ्यालाच करावा लागतो, आणि पुढे वाढलेल्या वेतनातून तो भरून निघतो. ग्रंथालयांच्या बाबतीत या विधानाचा पूर्वार्ध तंतोतंत लागू पडतो, उत्तरार्ध मात्र पडत नाही. मालक खर्च करीत नाही आणि वेतनही वाढत नाही. लाभ होतो तो तिसऱ्यालाच. स्पर्धा परीक्षेचे पुस्तक चटकन मिळालेल्या विद्यार्थ्याला, जुन्या नियतकालिकाचा अंक हाती पडलेल्या अभ्यासकाला, मोठ्या अक्षरांतील पुस्तक शोधणाऱ्या वृद्धाला तो होतो. ज्या गुंतवणुकीचा लाभ समाजाला होतो आणि खर्च व्यक्तीवर पडतो, ती गुंतवणूक नेहमी अपुरी राहते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. तेव्हा येथे खर्चाचा वाटा समाजाने उचलणे हे औदार्य नसून न्याय्य हिशेब होय.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, पदव्या मिळविलेले पुष्कळ आहेत, जागाच नाहीत. मग आणखी पदवीधर कशाला? परंतु जो आधीच ग्रंथालयात काम करीत आहे, त्याला शिकविल्याने बेकारांत भर पडत नाही. असलेली जागा अधिक सकस होते. नोकरदाराच्या शिक्षणाचा प्रश्न नव्या भरतीच्या प्रश्नाहून वेगळा आहे तो येथे. दुसरा आक्षेप, शिकलेला माणूस सोडून जाईल. जाईलही. परंतु शुल्काची भरपाई घेतल्यानंतर दोन-तीन वर्षे त्याच ग्रंथालयात काम करण्याची अट घालता येते, आणि त्यानंतर तो गेलाच तरी बहुधा दुसऱ्या ग्रंथालयात जाईल. एका संस्थेची हानी झाली तरी राज्याची होत नाही. म्हणूनच हा खर्च एकेका संस्थेवर न टाकता शासनाने उचलावा.

करावयाच्या गोष्टी थोड्या आणि स्वस्त आहेत. उत्तीर्ण झालेल्या कर्मचाऱ्याचे शुल्क अनुदानाबाहेरील स्वतंत्र तरतुदीतून परत द्यावे. परीक्षा व प्रात्यक्षिके यांसाठी सवेतन रजा हा सेवाशर्तींचा भाग करावा. तो ज्या ग्रंथालयात रोज तालिकीकरण करतो, तेथील काम योग्य देखरेखीखाली प्रात्यक्षिक म्हणून धरावे. संपर्कवर्ग तालुक्याच्या मोठ्या वाचनालयात भरवावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पदवीधारक कर्मचारी असलेल्या ग्रंथालयाच्या वेतन-अनुदानात निश्चित वाढ द्यावी. या शेवटच्या गोष्टीवाचून पहिल्या चार केवळ सोयी ठरतील.

वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाबद्दल व्यासपीठावरून खेद व्यक्त करणे फुकट असते. दहा तासांच्या कामानंतर रात्री अभ्यासाला बसणाऱ्या माणसाला दोन दिवसांची भरपगारी रजा देण्यास मात्र पैसे लागतात. ग्रंथालयांविषयीची आपली आस्था खरी किती, हे दुसऱ्या गोष्टीवरूनच ठरावयाचे आहे.